आशाबाईंचं हुकमी रडू

आमच्या बजाजनगरात माणूस कोणत्या कंपनीत आहे यावरून ओळखला जातो. हा गिअरवाला, तो पेंटशॉपवाला. आशाबाई कुठल्याच कंपनीत नव्हत्या, तरी जन्मभर प्रेस मशीनवर उभे राहिलेले रामकिसनकाका गल्लीत 'आशाबाईंचे मालक' म्हणूनच ओळखले जात. काकांनाही ते मान्य होतं. निवृत्त झाल्यावर ते गंगापूरकडच्या शेतावर जाऊन राहू लागले, तेव्हा शेतात निदान ऊस तरी आपल्याला नावानं ओळखतो, असं म्हणाले होते.

आशाबाईंची ख्याती होती रडण्याबद्दल. हे मी कुचेष्टेनं सांगत नाही. त्यांना रडू हुकमी येतं. गल्लीत कुणाच्याही मुलीची पाठवणी असो, मुलीच्या आईआधी आशाबाईंचा हुंदका फुटायचा, आणि मग आईला आपणही रडावं असा धीर यायचा. शहागंजात साडी घ्यायला गेल्या की भाव करताना त्यांचा गळा दाटून यायचा. दुकानदार जुना, बेरकी, पण त्याचाही इलाज चालत नसे. "अम्मा, रोने का नक्को, ले के जाओ," म्हणत तो पिशवी हातात द्यायचा. बाहेर आल्यावर आशाबाई पदरानं डोळे पुसायच्या आणि म्हणायच्या, "चला, आता गरम भजी खाऊ."

मी त्यांचा शेजारी, शिवराज. आमची भिंत एकच. त्यांचं रडणं मला भिंतीतून ऐकू येतं, आणि खरं कोणतं नि कामाचं कोणतं हे मला बरोबर ओळखता येतं, असा माझा समज होता.

ही कला सरकारच्या उपयोगी पडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. झालं असं, की आरोग्य खात्यातल्या एक मॅडम बचत गटाच्या बैठकीला आल्या. शहरात एका डॉक्टरबद्दल कुणकुण होती. तो सोनोग्राफी करून मुलगा की मुलगी ते सांगायचा आणि मुलगी निघाली की पुढची सोयही करून द्यायचा. त्याला रंगेहाथ पकडायचं होतं. सून म्हणून एक गरोदर बाई तयार झाली होती. अडलं होतं सासूपाशी. सून एकटी गेली असती तर डॉक्टरला लगेच वास आला असता, कारण असल्या कामाला आपल्याकडं सून एकटी जात नाही, तिला नेलं जातं. मॅडमना एक खडूस सासू हवी होती. साऱ्या बचत गटानं एका सुरात आशाबाईंचं नाव घेतलं, आणि त्यांनी त्याचा मुळीच राग मानला नाही.

त्या गेल्या आणि डॉक्टरपुढं अशा रडल्या की म्हणे बाहेर साध्या कपड्यांत बसलेल्या पोलिसाला क्षणभर खरंच वाईट वाटलं. "डाक्टरसाहेब, पाया पडते तुमच्या. आधीची एक पोरगी हाय. सुनेचं कायतरी करा, मोकळी करा तिला." हे वाक्य त्यांनी स्वतः रचलं होतं. मॅडमनी लिहून दिलेलं त्यांना मिळमिळीत वाटलं. डॉक्टर विरघळला आणि सापडला. तो सापडला ते उत्तमच झालं. तसल्या माणसासाठी माझ्यापाशी दयेचा शब्द नाही.

त्यानंतर आशाबाईंचा काळ आला. शाल आली, नारळ आला, पेपरात फोटो आला. चौकात बॅनर लागलं, त्यावर आशाबाई हात उंचावून उभ्या आणि खाली मोठ्या अक्षरांत 'लेकींची कैवारी'. बॅनरवर आणखी बरेच पुढारी होते. त्यांना मुली किती नि मुलगे किती, हे विचारण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. मेळाव्यांची बोलावणी सुरू झाली. आशाबाई पैठणी नेसायच्या, छातीवर 'लेक वाचवा'चा गोल बिल्ला लावायच्या आणि माईक हातात धरून बोलायच्या. 'गर्भपात' हा शब्द त्या अशा आवाजात उच्चारायच्या की पुढच्या रांगेतली लेकरं आयांना चिकटून बसायची. मुलगी म्हणून पाडलेला, आपोआप पडलेला, बाईचा जीव वाचवायला केलेला, सगळ्यांना एकच आवाज. मॅडम शेजारीच बसलेल्या असत, पण त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. टाळ्या पडत असताना मधेच बारकावे कोण सांगत बसणार?

मेळावा नसेल त्या दिवशी त्या औषधांच्या दुकानांतून फिरायच्या.

"गोळ्या हायत का?"

"कसल्या, काकू?"

"तसल्या."

मेडिकलवाल्याचा चेहरा उतरायचा. हळूहळू आमच्या भागातल्या दुकानदारांनी तसल्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. त्यातली एक गोळी बाळंतिणीचं रक्त थांबवायलाही लागते, असं पुढं मला कळलं. पण दुकानदारांनी ते कुणाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आशाबाई मात्र खूश होत्या. "बजाजनगर साफ केलं मी," असं त्या सांगायच्या.

आता तुम्हाला वाटेल, बाहेर लेकींची कैवारी आणि घरात सुनेला छळणारी, अशी ही गोष्ट असणार. तसं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. आशाबाई घरातही तशाच होत्या. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलेबी, ही आपली रीत. त्यांच्या सोमनाथला मुलगी झाली, राजनंदिनी, तेव्हा आशाबाईंनी गल्लीत पेढे वाटले आणि ज्यानं ज्यानं 'मुलगा का?' असं विचारलं त्याच्या हातातला पेढा परत घेतला. माझ्याही हातातला घेतला होता. सून सायली अबोल पोरगी. सासूला आत्या म्हणायची. दोघींत बोलण्याची सगळी कामं आशाबाई करायच्या आणि ऐकण्याची सायली, त्यामुळं भांडण व्हायला जागाच नव्हती.

सायलीला पुन्हा दिवस गेले. तिसरा महिना सरेपर्यंत हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, असा त्या घरचा कडक दंडक. दवाखान्यात जायचं नाही, कुठं नाव नोंदवायचं नाही, माहेरीसुद्धा सांगायचं नाही, नजर लागते. जगाला जागरूकता शिकवणाऱ्या आशाबाई या एका बाबतीत आपल्या आजेसासूच्याही मागं होत्या. त्यामुळं सायली गरोदर आहे याचा पुरावा तीन माणसांच्या पोटात आणि एका देव्हाऱ्यात होता. मला कळलं ते त्या दिवशी.

त्या दिवशी शहरात मोठा मेळावा होता. माझी दुसरी पाळी, म्हणून सकाळचा मी घरी होतो, आणि माझ्या जुन्या गाडीतून आशाबाईंना सोडायचं ठरलं होतं. त्या पैठणी नेसून, बिल्ला लावून दारात उभ्या होत्या. तेवढ्यात आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. सायली न्हाणीघरात पडली होती. फरशीवर रक्त होतं. मी पुरुष माणूस, दारातच थांबलो, पण इतकं रक्त मी कंपनीत बोटं तुटलेली पाहिली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

आशाबाई किंचाळल्या. ते मात्र भिंतीतून कधी ऐकू आलेलं नव्हतं.

सोमनाथ कामावर. त्यांच्या कंपनीत मोबाइल गेटवर जमा करून घेतात, म्हणजे त्याला फोन करणं आणि गेटवरच्या कपाटाला फोन करणं सारखंच. राजनंदिनीला माझ्या बायकोकडं दिलं, सायलीच्या खाली चादरी घातल्या आणि आम्ही जवळच्या दवाखान्यात गेलो. गाडीतच आशाबाईंनी मला सांगितलं, की तिसरा लागायचा होता, नोंद कुठंच नाही.

दवाखाना आमच्याच भागातला. काउंटरवरच्या मुलीनं आधी आशाबाईंकडं पाहिलं, मग त्यांच्या बिल्ल्याकडं, मग आपल्या मोबाइलकडं, आणि धावत आत गेली. मला वाटलं, किती तत्पर पोरगी. डॉक्टर स्वतः बाहेर आले. पेशंटकडं न बघता त्यांनी आशाबाईंना नमस्कार केला.

"या काकू. चहा घेणार?"

"चहा कसला, डाक्टर! सुनेला बघा!"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या शर्टाच्या खिशात पेन होतं.

"तेवढं पेन बाहेर ठेवता का?" ते अदबीनं म्हणाले.

मला काही समजेना. मी पेन काढून काउंटरवर ठेवलं. त्यांनी ते उचलून टोपण उघडून पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना माझ्या पेनात कॅमेरा दिसत होता.

आणि नेमकं त्याच वेळी आशाबाईंचा बांध फुटला. खरोखर फुटला. त्यांनी डॉक्टरांचे पाय धरले. "डाक्टरसाहेब, पाया पडते तुमच्या! आधीची एक पोरगी हाय. सुनेचं कायतरी करा! मोकळी करा तिला!"

तेच वाक्य. ज्यानं एका डॉक्टरला आत पाठवलं होतं तेच वाक्य, जसंच्या तसं, त्यांच्या तोंडून आलं. दुसरं आणणार कुठून? सुनेसाठी डॉक्टरपुढं रडण्याचं तेवढं एकच वाक्य त्यांना पाठ होतं.

डॉक्टर दोन पावलं मागं सरकले. "काकू, आमच्याकडं तसलं काही होत नाही."

"तसलं म्हंजे कसलं? तिला रगत चाललंय!"

"आम्हाला गर्भपाताची मान्यताच नाही. पिशवी साफ करणं आमच्याकडं होत नाही. शहरात न्या."

"निदान चिठ्ठी तरी लिहून द्या," मी म्हणालो.

त्यांनी हात जोडले. "कागद मागू नका साहेब. लहान लहान मुलं आहेत मला."

सायली बाकावर भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडं कुणी पाहतच नव्हतं. एक नर्स पाहत होती, पण ती रक्ताकडं अशी बघत होती, जणू ते कोणत्या रंगाच्या डबीतलं आहे हे तिला ओळखायचं होतं. मला असा संताप आला की ते काउंटरवरचं पेन कुणालातरी टोचावं. मी पेन तिथंच सोडलं आणि आम्ही निघालो.

दुसरा दवाखाना छावणीच्या अलीकडं, मोठा, काचेच्या दारांचा. गाडीतून उतरताना मी आशाबाईंना म्हणालो, "काकू, तुम्ही काही बोलू नका. मी बोलतो."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि खरंच गप्प राहिल्या. पण त्यांचा चेहरा गप्प राहीना. इथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला केबिनमध्ये घेतलं, सायलीची नाडी पाहिली, दाब पाहिला. मला हायसं वाटलं. मग त्यांनी मागं उभ्या आशाबाईंकडं नजर टाकली आणि त्यांचा हात सायलीच्या मनगटावरून निघाला.

"सोनोग्राफी करावी लागेल," त्या म्हणाल्या. "पण आमचं मशीन बंद आहे."

शेजारच्या खोलीतून एक गरोदर बाई पोटावरचं जेल पुसत बाहेर आली. तिच्या मागून मशीनची घरघर ऐकू येत होती. आम्ही सगळ्यांनीच ती ऐकली. बाईंनीही ऐकली आणि त्या फॅनकडं बघू लागल्या.

"गोळ्या कुठून घेतल्या होत्या?" त्यांनी एकदम आवाज बदलून सायलीला विचारलं.

"नाय घेतल्या," सायली म्हणाली.

"नोंदणीचं कार्ड कुठंय? कुठल्या डॉक्टरकडं दाखवलं होतं?"

सायलीनं सासूकडं पाहिलं. कार्ड नव्हतं, डॉक्टर नव्हता. नजर लागू नये म्हणून इतका बंदोबस्त केला होता की आता हे पोट हवंहवंसं होतं असं सांगणारा एक कागद जगात नव्हता.

"पहिली मुलगी, दुसऱ्याची कुठंही नोंद नाही, आणि रक्तस्राव," बाई बोटं मोजत म्हणाल्या. "मला पोलिसांना कळवावं लागेल."

इथं आशाबाईंच्या गप्प राहण्याची मुदत संपली. "कळवा की! खुशाल कळवा! पोलीस मला चांगले वळखतात!"

"तेच तर," बाई हळूच म्हणाल्या. "आमच्या ग्रुपवर फोटो आहे तुमचा."

त्यांनी मोबाइल पुढं धरला, तेव्हा समजलं. पेपरातला तो शाल-नारळाचा फोटो डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर केव्हाचा फिरत होता. खाली लिहिलं होतं, 'सावध राहा. ही बाई सासू बनून येते. फार छान रडते.' आपल्या कलेची अशी लेखी पावती मिळालेली बाई मी दुसरी पाहिली नाही. ज्या दवाखान्यांनी काही पाप केलेलं होतं त्यांनी घाबरावं हे समजू शकतं. पण ज्यांनी केलं नव्हतं तेच जास्त घाबरले होते, कारण त्यांना घाबरण्याचा सराव नव्हता.

पुन्हा गाडी. "घाटीत नेऊ," मी म्हणालो. सरकारी दवाखान्यात कुणी पेन तपासणार नाही, असा माझा हिशेब होता. पण बाबा पेट्रोल पंपाच्या चौकात गाड्या तुंबल्या आणि सायलीचे डोळे मिटायला लागले. आशाबाई तिचे गाल थोपटत होत्या. मधेच त्यांचा फोन वाजला. "काकू, कुठं पोचलात? पाहुणे आलेत, हार आणलाय," पलीकडून कुणीतरी उत्साहानं विचारत होतं. आशाबाई म्हणाल्या, "रस्त्यात हाय," आणि फोन सीटखाली टाकून दिला.

तिथल्याच एका गल्लीच्या तोंडाशी मला लहानशा प्रसूतिगृहाची पाटी दिसली. मी गाडी तिकडं वळवली. आशाबाई दार उघडायला लागल्या, तर सायलीनं त्यांचा पदर धरला. लग्न होऊन आल्यापासून त्या पोरीनं सासूला कधी उलट शब्द दिला नव्हता. तिचा आवाज फुटत नव्हता, तरी मला पुढच्या सीटवर स्पष्ट ऐकू आलं.

"आत्या, तुम्ही नका येऊ. तुम्ही आलात तर मला कुणी हात लावनार नाय."

आशाबाईंचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. त्यांनी पदर डोक्यावरून ओढला, अगदी हनुवटीपर्यंत, आणि सीटवर खाली सरकून बसल्या. मी सायलीला उचललं आणि आत गेलो.

तिथल्या डॉक्टरांचं नाव करुणा. बाई कडक आणि चपळ. "टेबलवर घ्या," एवढंच म्हणाल्या आणि हातमोजे चढवले. तपासता तपासता प्रश्न चालू होते.

"तुम्ही नवरा?"

"शेजारी. नवरा कंपनीत आहे, फोन गेटवर असतो."

"सासू?"

"गावाकडं," मी म्हणालो.

"आधीचं काय आहे?"

"मुलगी."

"हां!" त्यांनी नर्सकडं पाहिलं. "बघितलंस? पहिली मुलगी, आता हेही गेलं. मग सासू कशाला येतीय दवाखान्यात? शेजाऱ्यानं उचलून आणायचं. असल्या बायकांना एकदा उभं करून विचारलं पाहिजे."

मी मान खाली घातली. खिडकीतून माझी गाडी दिसत होती. मागच्या सीटवर पैठणीचं गाठोडं होतं.

सायलीनं सही केली. तिचीच सही पुरते, दुसऱ्या कुणाची लागत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिला आत नेलं, पिशवी साफ केली, रक्त मागवून चढवलं. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"वाचली," त्या म्हणाल्या. "अर्धवट पडलेलं होतं, त्यामुळं रक्त थांबत नव्हतं. आणखी थोडा उशीर केला असता तर मी काही करू शकले नसते. इतका वेळ होतात कुठं?"

मी सांगितलं, दोन दवाखान्यांनी परत पाठवलं. का पाठवलं ते गिळलं.

डॉक्टर भडकल्या. मला त्यांचं भडकणं फार आवडलं. "घाबरट आहेत सगळे! आपोआप पडत असलेलं पूर्ण काढणं म्हणजे काय गर्भपात करणं झालं? त्याला कुठल्या मान्यतेची गरज नाही, कुठला कायदा आडवा येत नाही. आणि इतक्या लवकर मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत कुणाच्या बापाला दिसतं का? कायदा आहे पोरींना वाचवायला. त्याच्या भीतीनं पोरीच मरायच्या असतील तर काय उपयोग? मी नाही घाबरत. माझ्या दारात रक्त जाणारी बाई आली की मी आधी हात धुते, प्रश्न नंतर."

एवढं सरळ, स्वच्छ बोलणं मी आजवर कुठल्या मेळाव्यात ऐकलं नव्हतं.

मी गाडीपाशी आलो. काच खाली केली. "काकू, वाचली."

आशाबाईंनी पदर वर केला. त्या रडत नव्हत्या. मी वाट पाहिली, पण त्या रडल्याच नाहीत. बिल्ल्याची पिन केव्हातरी उघडून अंगठ्यात घुसली होती, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

"डाक्टरीण काय म्हनली?"

मी सांगितलं. कायद्याचं सांगितलं, घाबरटपणाचं सांगितलं, आणि का कोण जाणे, सासूबद्दल बोलल्या तेही सांगून बसलो.

"खडूस म्हनली का?"

"तसंच काहीसं."

"म्हनू दे," आशाबाई म्हणाल्या. "मला त्या कामाचा सराव हाय."

सोमनाथ संध्याकाळी आला. सायलीला ठेवून घेतलं होतं. आशाबाई रोज डबा करायच्या, ज्वारीची मऊ भाकरी, मुगाचं वरण, तूप वेगळं बांधून. सोमनाथ तो आत न्यायचा आणि आशाबाई समोरच्या लिंबाखाली माझ्या गाडीत तोंड झाकून बसायच्या. डॉक्टरांनी एकदा विचारलं, असा डबा कोण करतं? सोमनाथनं घाईत 'शेजारच्या वहिनी' असं सांगितलं. माझ्या बायकोचं त्या दवाखान्यात फार कौतुक झालं. तिला मूग शिजवता येत नाहीत.

आशाबाई त्या दिवसांत मला एकदाच म्हणाल्या, "शिवराज, मी बोलत व्हते ना मेळाव्यात, ते समदं एकाच दावणीला बांधलं मी. आता कुणाकुणाचं सोडू?" मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

सोडायच्या दिवशी सोमनाथनं सायलीला हळूहळू गाडीपर्यंत आणलं. मागून डॉक्टर करुणा स्वतः पायऱ्या उतरून आल्या. नर्सनं चहाडी केली होती, की सासू गावाकडं बिवाकडं नाही, रोज समोर गाडीत बसते आणि आत पाऊल टाकत नाही. डॉक्टरांचा पारा चढलेला दिसत होता. "मला बघायचीय ती बाई," त्या मला म्हणाल्या आणि त्यांनी काचेवर टकटक केली.

आशाबाईंनी काच खाली केली आणि पदर मागं सारला.

डॉक्टरांचं तोंड ओरडायला उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"तुम्ही… त्या फोटोतल्या?"

"व्हय. मीच ती."

डॉक्टरांनी सायलीकडं पाहिलं. मग सोमनाथकडं. मग माझ्या शर्टाच्या खिशाकडं. खिसा रिकामा होता, तरी त्या एक पाऊल मागं सरल्या. या बाईंनी स्वतःच्या हातांनी त्या पोरीला मरणाच्या दारातून ओढून काढलं होतं. रक्ताच्या पिशव्या स्वतः लावल्या होत्या. आणि त्यांनी इकडंतिकडं बघून, आवाज खाली आणून विचारलं,

"हे सगळं खरं होतं ना?"

आशाबाईंनी हात जोडले.

"डाक्टरीणबाई, देव तुमचं भलं करो. एक इचारू? त्या दिवशी मी संगं आत आले असते, तर काय केलं असतं तुम्ही?"

डॉक्टर प्रामाणिक होत्या, एवढं त्यांच्या बाजूनं मी नेहमी सांगेन.

"पुढं पाठवलं असतं," त्या म्हणाल्या.

आशाबाईंनी मान हलवली, जणू भाव ठरला होता आणि त्यात रडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"खरं व्हतं म्हनून तर गाडीत बसले, बाई. खोटं असतं तर आत येऊन रडले असते."

आणि सुनेला जागा करून द्यायला त्या पलीकडं सरकल्या.